‘पितळी कुलूप’ची शेवटची पानं

खून कोणी केला यावर आमच्या विभागात चहाची पैज लागली होती. इनामदार सरांचा संशय पोस्टमास्तरवर होता, माझा डॉक्टरवर. पुस्तकाचं नाव ‘पितळी कुलूप’, सत्तावन्न सालची रहस्यकथा, लेखिका कु. यमुना विष्णू खोपकर. आणि पैज मिटायची काही सोयच नव्हती, कारण आमच्या प्रतीची शेवटची आठ पानं गायब होती. कुणा मेल्यानं फाडून नेली होती.

“एवढं दीडशे पानं आपल्याला फरफटत नेलं,” मी सरांना म्हणत होते, “आणि ऐन वेळी हे असं. डोकं फिरतं हो माझं.”

“घोडकेबाई, पुस्तकं तुम्हाला स्कॅन करायला दिलीत. वाचायला नाही,” सर म्हणाले. स्वतः दोनदा वाचून बसले होते.

तेवढ्यात दारातून आवाज आला, “इथे लेखक शोधताय म्हणे तुम्ही.”

सत्तरीच्या आसपासची बाई. किरकोळ अंगाची, अबोली रंगाची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, हातात वर्तमानपत्राचं कात्रण. ते कात्रण आमच्याच निवेदनाचं होतं. विद्यापीठाच्या ग्रंथालयातली जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून संकेतस्थळावर चढवायची असं काम तेव्हा आमच्याकडे चालू होतं. मी सहायक ग्रंथपाल आणि इनामदार सर ग्रंथपाल. लेखकाला जाऊन साठ वर्षं उलटली असतील तर प्रश्न नसायचा, पण बाकीच्यांसाठी लेखकाची किंवा वारसांची लेखी संमती लागायची. ती मिळवायचं खातं माझ्याकडे. लोक कुठे कुठे पांगलेले, शोधता शोधता माझ्या नाकी नऊ आले होते, म्हणून शेवटी पेपरात नावं छापली.

“कुणाच्या वारस आपण?” मी विचारलं. आमच्याकडे येत ते सगळे वारसच.

“वारस नाही. मीच आहे,” बाई म्हणाल्या. “यमुना खोपकर.”

मी खुर्चीतून उठलेच. नमस्कार वगैरे राहिला बाजूला, मी पहिल्यांदा काय विचारावं? “अहो, आधी खुनी कोण ते सांगा. डॉक्टरच ना?”

त्या हसल्या. “अजून वाचतं का कुणी ते?”

“आम्ही दोघांनी वाचलंय. पैज लागलीय आमची.”

मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. माणूस स्वतःचं पुस्तक पन्नास वर्षांनी बघतो तेव्हा आधी आपलं नाव बघेल की नाही? यांनी उघडलं ते थेट मागून. फाटलेल्या पानांच्या कडेवरून बोट फिरवलं आणि शेवटच्या ओळी पुटपुटत वाचल्या. मला त्या ओळी पाठच झाल्या होत्या. ‘कालिंदीने कुलूप काढून दार लोटले. आतल्या इसमाकडे पाहून ती जराही दचकली नाही. “आपण इथेच भेटणार हे मला ठाऊक होते,” ती म्हणाली, “परंतु’ आणि तिथे पान संपत होतं.

“इथवरच आहे?” त्यांनी विचारलं.

“हो ना. काय एकेक माणसं असतात बघा. ग्रंथालयाचं पुस्तक फाडवतं तरी कसं?”

“असेल कुणीतरी,” त्या म्हणाल्या. “आणि हे असंच चढवणार तुम्ही? आहे तसं?”

“आहे तसंच. काना-मात्रा इकडची तिकडे होणार नाही.”

“बघा हं. आहे तसंच.”

त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान आलं की मला बरं वाटलं. त्यांनी पिशवीतून रुमाल काढून चष्मा पुसला आणि मग मोकळेपणानं बोलायला लागल्या. घरात पुस्तकाची एकही प्रत नव्हती. नवऱ्याच्या बदल्या फार झाल्या, त्यात गेली म्हणाल्या. मुलगा कधीतरी ऐकलंय म्हणायचा, नातवंडांना तर वाटायचं आजी उगाच फुशारकी मारते.

“एकदा ते बाहेर आलेलं बघायचंय मला,” त्या म्हणाल्या. “कुणी चार माणसांनी वाचलेलं. माझ्या त्या नावानं. नाव यमुना खोपकर असंच येईल ना?”

“पुस्तकावर जे छापलंय तेच येणार. त्यात कोण काय करणार?”

मी संमतिपत्र पुढे केलं. त्यांनी सही केली, यमुना वि. खोपकर, आणि पेन खाली ठेवता ठेवता थांबल्या. म्हणाल्या, “किती वर्षांनी केली ही सही. हात विसरला नाहीय.”

मी ओळखपत्र मागितलं आणि तिथे घोडं अडलं. ओळखपत्रावर नाव होतं उज्ज्वला मधुकर चौबळ.

आता यात नवल काही नाही. त्या काळी लग्नात मुलीचं आडनावच नाही, अख्खं नाव बदलायचे. माझ्या आईचं बदललं, मावश्यांचं बदललं. माझं तेवढं वाचलं, कारण सासूबाई म्हणाल्या, आहे तेच नाव माझ्या लक्षात राहत नाही, नवं आणखी कुठे पाठ करू. पण इनामदार सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सहाच महिन्यांपूर्वी एका पुतण्यानं वारस म्हणून सही ठोकून दिली होती, आणि मग खऱ्या मुलानं वकिलाची नोटीस पाठवली. तेव्हापासून सर कागदाशिवाय श्वास घेत नव्हते.

“बाई, माझा तुमच्यावर विश्वास आहे,” सर म्हणाले. “पण खोपकर म्हणजेच चौबळ, हे कुठेतरी लिहिलेलं हवं. लग्नाची पत्रिका असेल तुमच्याकडे?”

“पत्रिकेत माहेरचं नाव. सासरचं नाव लग्नाच्या दिवशी तांदळात अंगठीनं लिहितात. ते तांदूळ काय कुणी जपून ठेवतं?”

“शाळेचा दाखला?”

“त्यातही यमुनाच. उज्ज्वला त्यात कुठून येणार?”

“माहेरचं कुणी?”

“भाऊ होते दोन. दोघंही गेले.”

“मग मिस्टरांनी लिहून दिलं तर? बघू, वकिलांना विचारतो.”

“ह्यांना यात आणायला नको,” त्या चटकन म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण पुढे कुणी काही विचारायचं नाही असं ते म्हणणं होतं. मला वाटलं, नवऱ्याला आवडत नसेल बायकोचं लिहिणं. असतात असे पुरुष. मी मनातल्या मनात त्या चौबळांना दोन शिव्याही घातल्या.

त्यानंतर बाई मधून मधून यायला लागल्या. वाचनकक्षात खिडकीशी बसून स्वतःचंच पुस्तक वाचायच्या. मी पहिल्या दिवशीच विचारलं होतं, “तुम्हाला काय म्हणू मी? उज्ज्वलाताई?”

“इथे यमुना म्हणा,” त्या म्हणाल्या. “त्या नावाला आता एवढी एकच जागा उरलीय.”

मग मी यमुनाताई म्हणायला लागले. चहा आला की दारातून हाक मारायची, “यमुनाताई.” शाळेत हजेरी घेताना मुली उठतात तशी त्यांची मान चटकन वर यायची. कान फार तिखट होते त्यांचे. मला ती गंमत वाटायची, म्हणून मी कारण नसतानाही हाक मारायचे.

एकदा चहा घेताना मी म्हटलं, “कालिंदी म्हणजे यमुनाच की हो. एकाच नदीची दोन नावं. म्हणजे तुमची नायिका, ती टेलिफोन ऑपरेटर, तुम्हीच.”

त्या खुलल्या. “लक्षात आलं तुमच्या? माझ्या बाबांच्यासुद्धा आलं नव्हतं. मला नोकरी करायची होती तशी. खोली घेऊन राहायचं, स्वतःचं कुलूप, स्वतःची किल्ली. कुणी विचारायला नको कुठे गेली होतीस.”

“आणि तो इन्स्पेक्टर विश्राम तिच्या मागे मागे करतो, त्याचं काय झालं पुढे?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला वाटतं ती त्याला हिंग लावून विचारत नाही.”

“असेल,” त्या म्हणाल्या.

“असेल काय? तुम्ही लिहिलंय ना?”

“लिहिलं होतं.” त्यांनी कप बशीत ठेवला. “परंतुपाशी संपलंय ते काही वाईट नाही हो. मला आवडतं.”

मला वाटलं, बाई मन मारून बोलतायत. आपलं पुस्तक असं लांडं राहावं हे कुठल्या लेखकाला आवडेल? मी पुस्तकांत वाढलेली बाई. फाटकं पुस्तक दिसलं की माझे हात शिवशिवतात. आमच्या कामात तसा रिवाजही होता. एखादी प्रत त्रुटित असली की दुसऱ्या ग्रंथालयातून तीच पानं मिळवायची, फोटो घ्यायचे आणि जोडून पुस्तक पुरं करायचं. त्या कामात माझ्याइतकं चिकट कुणी नव्हतं. जत्रेत चुकलेलं मूल घरी पोचवल्यासारखा आनंद व्हायचा मला. तर मी ठरवलं, बाईंना सांगायचं नाही, गुपचूप शोधायचं आणि एकदम हातात ठेवायचं.

रहस्यकथा म्हणजे लोकांनी हाताळून हाताळून संपवलेल्या. कुणी सांभाळतं थोडंच? मी जिथे जिथे जुनं वाचनालय आहे असं कळलं तिथे कार्डं टाकली, फोन केले. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. दोघांनी सांगितलं, होतं, रद्दीत गेलं. आणि मग खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावाहून फोन आला की आहे, बाइंडिंग केलेली प्रत आहे, येऊन बघा.

मी रजा टाकून गेले. यष्टीत हाडं खिळखिळी झाली. वाचनालय म्हणजे दोन खोल्या, बाकावर पेन्शनर पेपर वाचत बसलेले. कपाटातून त्यांनी पुस्तक काढून दिलं. मी उभ्या उभ्याच शेवट वाचला. कुलुपामागे डॉक्टरच होता. मी पैज जिंकले होते. पण खरी मजा त्याच्या पुढे होती. कालिंदी इन्स्पेक्टरला हो म्हणते, मांडव पडतो, विश्राम तांदळात अंगठीनं नाव लिहितो, आणि शेवटची ओळ अशी, ‘अशा रीतीने टेलिफोन खात्यास एक उत्तम ऑपरेटर गमवावी लागली, व इन्स्पेक्टर विश्राम यांच्या घरास सौ. उज्ज्वला लाभली.’

उज्ज्वला. मी ते तीनदा वाचलं. बाकावरचे पेन्शनर माझ्याकडे बघायला लागले, कारण मी बहुतेक मोठ्यानं काहीतरी बोलले असेन. सरांना हवा होता तो कागद हाच. यमुना खोपकरच्या पुस्तकात, तिच्या लग्नाच्या वर्षी छापलेलं, तिचं सासरचं नाव. म्हणजे बाईंनी आपलं होणारं नाव लाडानं आपल्या नायिकेला दिलं होतं. केवढं गोड, असं मला वाटलं.

भाषा जरा वेगळी लागली होती, हे मी कबूल करते. दीडशे पानं ताडताड बोलणारी कालिंदी शेवटच्या पानांत लाजते काय, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरते काय. पण मला तेव्हा ते नाव सोडून दुसरं काही दिसतच नव्हतं.

सर खूश. वकीलही म्हणाले, याहून चांगला पुरावा काय हवा. पानं जोडली गेली, पुस्तक पुरं झालं, संमती मंजूर झाली. मी बाईंना फोन केला.

“यमुनाताई, काम झालं. पुस्तक मंजूर. पुढच्या आठवड्यात कुलगुरूंच्या हस्ते उद्घाटन आहे, त्यात तुमचं पुस्तक पडद्यावर दाखवणार आहोत. मिस्टरांना घेऊन यायचं.”

“मंजूर झालं? कागद मिळाला कुठला?”

“ते तिथेच कळेल. गंमत आहे.”

“पण आहे तसंच ना, घोडकेबाई?”

“त्याहून चांगलं,” मी म्हणाले.

त्यांनी फोन ठेवून दिला. मला वाटलं, आनंद झालाय, बोलवत नसेल.

चौबळ आले ते पाहून मला मनातल्या मनात त्या शिव्या परत घ्याव्या लागल्या. ऐंशीचे, ताठ, कानात यंत्र, आणि बायकोची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतलेले. भेटेल त्याला सांगत होते, “ह्या लेखिका. मी आपला ह्यांचा हमाल.” बाईंनी त्या दिवशी जरीच्या काठाची साडी नेसली होती. पहिल्या रांगेत दोघांना बसवलं. भाषणं झाली, कुलगुरूंनी कळ दाबली, आणि इनामदार सर माइकवर आले.

“पन्नास वर्षं अपूर्ण असलेलं एक पुस्तक आज पूर्ण होत आहे,” सर म्हणाले. “आमच्या घोडकेबाईंनी खानदेशातून ही पानं शोधून आणली. लेखिका आज आपल्यात आहेत. आणि त्यांचं आजचं नाव तुम्हाला त्यांच्याच कादंबरीच्या शेवटच्या ओळीत सापडेल.”

पडद्यावर ते पान आलं. लोकांनी वाचलं, हसले, टाळ्या वाजल्या. मी बाजूला उभी राहून बाईंकडे बघत होते. त्या क्षणासाठीच तर मी एवढा आटापिटा केला होता. बाई पडद्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

मग चौबळ उठून उभे राहिले. “अहो, हे तर आमच्या दादांनी लिहिलंय,” ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळ्या सभागृहाला ऐकू गेला. “माझ्या वडिलांनी. हे पान मिळालं कुठे तुम्हाला?”

सरांनी त्यांच्या हातात माइक दिला. म्हाताऱ्यानं तो दोन्ही हातांनी धरला.

“पुस्तक छापखान्यात होतं तेव्हाच आमचं ठरलं,” ते सांगायला लागले. “छापखाना दादांच्या मित्राचा. दादा हेडमास्तर, लिहिण्यावाचण्याचा भारी नाद. त्यांनी प्रुफं मागवून वाचली आणि म्हणाले, सूनबाईंचा हात चांगला आहे, पण पोरीला शेवटी एकटीच ठेवलीय, हे काही बरं नाही. हिच्या वडिलांना विचारलं, ते म्हणाले तुम्हाला योग्य वाटेल ते करा. मग दादांनी स्वतः बसून शेवट लिहिला. हिला पत्ता नाही. लग्नात रुखवतावर पुस्तक मांडलं होतं, साखरेच्या तुळशीवृंदावनाशेजारी. हिनं उघडून बघितलं, तर शेवटी हिचंच नवं नाव. ते नाव तोवर फक्त मला आणि दादांना माहीत होतं. तासाभरानं मी तेच नाव तांदळात लिहिलं. अशी भेट कुणाला मिळालीय का लग्नात, सांगा.”

टाळ्या थांबेचनात. लोक वळून बाईंकडे बघायला लागले, तेव्हा त्या हसल्या. सत्यनारायणाला आलेल्या बायका हसतात तेवढंच.

तोवर मला धड कळलंही नव्हतं काय झालंय, पण काहीतरी आपल्या हातून होऊन बसलंय एवढं कळलं.

चहाच्या वेळी त्या मला व्हरांड्याच्या टोकाला भेटल्या. चौबळ आत लोकांच्या घोळक्यात होते.

“फार शोधावं लागलं का?” त्यांनी विचारलं.

“थोडंफार.”

“आणखी कुठे आहे प्रत?”

“माझ्या माहितीत नाही. तेवढीच.”

“म्हणजे एवढी एकच राहिली होती.” त्यांनी कप कठड्यावर ठेवला. “तुमच्या इथली मी फाडली होती, घोडकेबाई. ह्यांची या गावी बदली झाली तेव्हा. वाचनालयाचं कार्ड ह्यांच्या नावाचं होतं. एका दुपारी तुमच्या त्या खिडकीशीच बसले, पानं सुटी केली, घडी घालून पिशवीत टाकली, आणि घरी येऊन बंबात घातली. घरची प्रतही तशीच गेली. बदलीच्या सामानात हरवली असं ह्यांना वाटतं.”

“अहो, मग मला एका शब्दानं सांगायचं नाही का?” मला रडूच यायला लागलं होतं. “मी कशाला गेले असते मरायला खानदेशात?”

“काय सांगणार होते? दादा वाईट नव्हते हो. सासरी मला त्यांनीच एम.ए.पर्यंत शिकवलं. त्यांनी ते प्रेमानंच केलं. तुम्ही केलंत तसंच.”

मग मला सुचलं आणि मी घाईघाईनं म्हणाले, “तुमचा शेवट सांगा ना मला. तुमचा स्वतःचा. मी लिहून घेते, सरांशी भांडते, तो जोडायला लावते.”

“तेच तर झालंय,” त्या म्हणाल्या. “मला आठवत नाही. हस्तलिखित छापखान्यात गेलं ते गेलं. इतकी वर्षं आठवायला बघते, कुलुपामागे मी कुणाला उभं केलं होतं. डॉक्टर नव्हता एवढं नक्की. दादांचा शेवट मात्र शब्दन् शब्द पाठ आहे. जाळून काही उपयोग झाला नाही. म्हणून म्हटलं, परंतुपर्यंतच असू दे. तिथपर्यंत ती मी होते.”

“मी काढून टाकते ती पानं. उद्याच्या उद्या.”

त्यांनी आत बघितलं. चौबळ कुणाला तरी हातवारे करून अंगठी आणि तांदूळ समजावून सांगत होते. “त्यांच्याकडे बघा तरी,” त्या म्हणाल्या. “त्यांचा मोठा भाऊ गेल्यापासून इतके हसले नव्हते. आता राहू दे.”

त्यांनी राहू दे म्हटलं आणि मी राहू दिलं. शेवट कोणी लिहिला, हे आता सगळ्यांना माहीत झालं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, ‘सासऱ्यांनी पूर्ण केली सुनेची कादंबरी’. इनामदार सर नियमाचे माणूस, त्यांनी आठवड्याच्या आत नोंदीत दुसरं नाव घातलं, सहलेखक द. मा. चौबळ. मी त्यांच्याशी कडकडून भांडले. ते म्हणाले, “बाई, नोंद खरी असायला हवी. ते खोटं आहे का?” खोटं नव्हतं. हाच तर माझा राग होता.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मी रिटायर झाले. बाई गेल्याची बातमी मला पेपरातूनच कळली, श्रीमती उज्ज्वला चौबळ, पती आधीच गेलेले, फोटोखाली दुसरं काही नाही. पुस्तक मात्र भरपूर वाचलं जातं. खाली लोक लिहितात, शेवट किती गोड आहे. मी ते वाचते आणि बंद करते. ज्या चार माणसांनी ते वाचावं असं त्यांना वाटत होतं, त्यांच्या जागी हजार झाली, पण त्या सगळ्यांच्या लक्षात राहतं ते शेवटचं पान.

हे सगळंही मी एकवेळ सोसलं असतं. मला टोचतं ते त्या दिवशीचं, ती दोघं निघाली तेव्हाचं.

कार्यक्रम आटोपला होता. बाईंचा चष्मा व्हरांड्याच्या कठड्यावर राहिला होता, कपाशेजारी. मी तो उचलून पोर्चकडे धावले. चौबळांच्या कोपराला धरून त्या पायऱ्या उतरत होत्या, माझ्यापासून चार-पाच पायऱ्याच खाली. बाकी कुणी नव्हतं, गडबड नव्हती.

“यमुनाताई,” मी हाक मारली.

त्या उतरत राहिल्या. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. चौबळांचं ठीक होतं, पण यांचे कान तर किती तिखट. मी आणखी एक पायरी उतरले आणि मोठ्यानं म्हणाले, “यमुनाताई.”

त्यांची मान हलली नाही. त्या नवऱ्याला सांगत होत्या, पायरी बघा, ही जरा तुटकी आहे.

मी हातातला चष्मा मिटला. मग म्हणाले, “उज्ज्वलाताई.”

त्या लगेच वळल्या. “काय हो?”

“चष्मा राहिला तुमचा.”

“अगंबाई,” त्या म्हणाल्या, आणि हात पुढे करून एक पायरी वर आल्या.